३० मिलिमीटरची किंमत

खडीकरण झाले, डांबर मात्र पडलेच नाही, असा रस्ता हे ग्रॅव्हल बाइकचे खरे घर. तिचे हँडल रेसिंग सायकलसारखे वळवलेले असते, पण टायर ४० ते ५० मिलिमीटर रुंद आणि फ्रेम मुरमाचा मार सोसणारी. मूळ कल्पनेत या सायकलला स्प्रिंग नव्हतीच. गचके टायरने आणि स्वाराच्या कोपरांनी झेलायचे, असा साधा हिशेब होता. गेल्या दहा वर्षांत तो बदलला. एकाच पायाचा फोर्क, काचतंतूच्या पात्यांवर तरंगणारे चाक, हँडलखाली दडवलेली स्प्रिंग, फ्रेमच्या नळीतच बसवलेली बिजागरी अशा नाना तऱ्हा बाजारात आल्या. यांतल्या बहुतेकांची हालचाल २० ते ४० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम दोन-तीन बोटे. माउंटन बाइकवर हाच आकडा सव्वाशे-दीडशेच्या घरात असतो. या दोन-तीन बोटांसाठी मोजावे लागणारे जादा पैसे वसूल होतात का, हे आधी एका गोष्टीवर ठरते: हलते कोण, चाक की स्वार?

माउंटन बाइकच्या किंवा मोटारसायकलच्या शॉकअपमध्ये चाक हलते. पुढचे चाक टायरसकट दीड-दोन किलोचे. दगड आला की ते चटकन वर उचलले जाते, दगड गेला की स्प्रिंग त्याला पुन्हा जमिनीवर दाबते. फ्रेम आणि तिच्यावरचा माणूस जवळपास आपल्या पातळीवर राहतात. इथे हाताला आराम मिळतोच, शिवाय टायर जमिनीला चिकटून राहतो, त्यामुळे खडबडीत उतारावर ब्रेक लागतो आणि वळण साधते. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंग फ्रेमच्या वर, हँडलखाली किंवा सीटखाली असते. सायकल दगडावर उडायची तेवढी उडते. फक्त तो धक्का माणसापर्यंत पूर्ण पोचत नाही. आराम दोन्हींत आहे. पकड पहिल्यातच आहे. जाहिरातीत मात्र दोन्हींना ‘सस्पेन्शन’ हा एकच शब्द असतो आणि गिऱ्हाइकाची फसगत बहुधा तिथेच होते.

दुसऱ्या प्रकाराचा ठळक नमुना म्हणजे स्पेशलाइज्डची ‘फ्यूचर शॉक’. २०१६ मध्ये ती रस्त्यावरच्या रूबे सायकलवर आली आणि पुढे डायव्हर्ज या ग्रॅव्हल बाइकवर. हँडल धरणाऱ्या स्टेमखाली, फोर्कच्या दांड्याच्या माथ्यावर २० मिलिमीटर दबणारी स्प्रिंग बसवलेली असते. नंतरच्या आवृत्तीत तिला उसळी जिरवणाऱ्या तेलाच्या डॅम्परची जोड मिळाली. तिचा उपयोग कळतो तो पन्हळी पत्र्यासारख्या झालेल्या कच्च्या रस्त्यावर. असे आडवे वरंबे ७० सेंटिमीटरवर आहेत आणि सायकल ताशी २५ किलोमीटरने चालली आहे असे धरले, तर सेकंदाला १० ठोके बसतात; तासाला ३६,०००. मनगटे बधिर होतात ती एखाद्या मोठ्या खड्ड्याने नव्हे, या ठोक्यांनी. एवढ्या जलद थरथरीला वीस मिलिमीटर पुरून उरतात. त्याच सायकलने मुठीएवढ्या दगडांचा उतार उतरताना मात्र पुढचे चाक साध्या सायकलसारखेच थडथड उडते.

पहिल्या प्रकारातला सर्वांत विक्षिप्त, आणि यंत्र म्हणून सर्वांत देखणा, तो कॅननडेलचा ‘लेफ्टी’. सायकल दुरुस्तीवाले ज्याला चिमटा म्हणतात त्या फोर्कचा उजवा पाय इथे काढूनच टाकला आहे. माउंटन बाइकवर हा फोर्क पाव शतकापूर्वीच आला; २०१५ मध्ये ‘स्लेट’ या सायकलसाठी त्याची ३० मिलिमीटरची ‘ऑलिव्हर’ आवृत्ती निघाली. एक पाय कमी करण्यामागे नुसती हौस नाही. नेहमीच्या फोर्कमध्ये गोल नळी दुसऱ्या गोल नळीत बुशवर घसरते. ब्रेक दाबला किंवा चाक तिरके आदळले की नळ्या किंचित वाकतात, बुश आवळला जातो, आणि नेमकी गरज असते तेव्हाच फोर्क अडखळतो. लेफ्टीत आतल्या नळीला सपाट बाजू असतात आणि त्यांवर सुईसारख्या बारीक रोलरच्या पट्ट्या धावतात. नळी पिळली जात नाही आणि जोर आला तरी घर्षण फारसे वाढत नाही. हालचाल मुळातच तीस मिलिमीटर असेल, तर पहिले दोन-तीन मिलिमीटर सहज हलणे फार मोलाचे ठरते; लेफ्टीचे मोठेपण तिथे आहे. गंमत अशी, की उजवी बाजू उघडी असल्याने पंक्चर झाले तर चाक न काढताच टायर उतरवून ट्यूब बदलता येते. चाक काढायचे ठरवले तर मात्र आधी ब्रेकचा कॅलिपर सोडवावा लागतो. हबही खास त्याच फोर्कचा. दुकानातून दुसरे चाक आणून लावता येत नाही.

आइसलँडच्या ‘लाउफ’ कंपनीने यंत्रच वजा केले. तिच्या ‘ग्रिट’ फोर्कमध्ये तेल नाही, सील नाही, घासणारा एकही भाग नाही. काचतंतूच्या पात्यांवर चाक लटकते आणि ३० मिलिमीटर हलते. वजन साध्या शॉकच्या फोर्कपेक्षा बरेच कमी, देखभाल जवळपास शून्य. पण स्प्रिंग शक्ती साठवते आणि परत देते. ती शक्ती जिरवण्याचे काम डॅम्परचे, आणि इथे डॅम्पर नाही. बारीक खडखडाटावर त्याची उणीव भासत नाही, मोठ्या गचक्यानंतर पुढचा भाग उसळी घेतो. या घराण्यात हा सौदा सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल.

मागच्या बाजूचे प्रकार बहुतेक स्वाराला झुलवणारे आहेत. ट्रेकने २०१२ मध्ये ‘आयसोस्पीड’ आणले, ज्यात सीटची नळी वरच्या नळीपासून सुटी होऊन थोडी वाकते. कॅननडेलच्या ‘किंगपिन’मध्ये सीटच्या नळीत एक बिजागरी आहे आणि कार्बनच्या नळ्याच स्प्रिंगचे काम करतात, जाहीर केलेली ३० मिलिमीटर ही सीटवर मोजलेली हालचाल आहे, चाकाची त्याहून बरीच कमी. २०२२ च्या ‘डायव्हर्ज एसटीआर’मध्ये सीटचा दांडा मागे झुकतो आणि त्याला फ्रेममधला तेलाचा डॅम्पर आवर घालतो. चाक पूर्वीसारखेच फ्रेमला घट्ट. काम मात्र सुबक.

स्प्रिंग की टायर, ही लढाई एकदा होऊन गेली आहे. उत्तर फ्रान्समधल्या पॅरिस–रूबे शर्यतीत दगडी फरसबंदीचे लांबलचक पट्टे लागतात. १९९२ मध्ये ३७ वर्षांच्या जिल्बेर द्युक्लो-लासालने रॉकशॉक्सचा फोर्क लावून ही शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा, या वेळी अवघ्या काही सेंटिमीटरच्या फरकाने. १९९४ चा विजेता आंद्रेई च्मिल हाही शॉकच्याच फोर्कवर होता. तरीही काही वर्षांत हे फोर्क त्या शर्यतीतून दिसेनासे झाले. त्यांची जागा कशाने घेतली म्हणाल तर टायरने. पूर्वी तिथे २७-२८ मिलिमीटर रुंद मानले जात, आज ३०-३२ सर्रास दिसतात आणि त्यांत हवा कमी भरली जाते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या अनबाउंड ग्रॅव्हल या २०० मैलांच्या शर्यतीतही अलीकडे पुढच्या फळीतले अनेक स्वार थेट माउंटन बाइकचे दोन इंचांहून रुंद टायर चढवतात. टायरलाही डॅम्पर नाही हे खरे, पण तो चाकाच्याही खाली, जमिनीला टेकलेला असतो आणि अगदी हलका असतो. दगड सर्वांत आधी त्यालाच भेटतो.

म्हणून किमतीची तुलना कडक साध्या सायकलशी करून भागत नाही. स्वस्त उपायांनी जेवढा आराम मिळतो, त्याच्या पुढे काय मिळते ते पाहावे लागते. ४० ऐवजी ५० मिलिमीटरचा ट्यूबलेस टायर आणि त्यातली हवा स्वाराच्या वजनाप्रमाणे उतरवणे, हा पहिला खर्च. रेडशिफ्टच्या ‘शॉकस्टॉप’ स्टेममध्ये रबराचे तुकडे असतात. दीडशे-दोनशे डॉलरमध्ये हाताचा बराच त्रास ती कमी करते आणि उद्या दुसऱ्या सायकलवरही बसते. पाती किंवा स्प्रिंग असलेला सीटपोस्ट साधारण तशाच खर्चात पाठीचे काम करतो. रॉकशॉक्सचा ‘रूडी’सारखा नेहमीच्या घाटाचा ग्रॅव्हल फोर्क २०२१ मध्ये आठशे डॉलरच्या आसपास आला, कडक कार्बन फोर्कपेक्षा तो पाऊण किलो तरी जड, पण चाक खरोखर हलवतो. स्वाराला झुलवणाऱ्या महागड्या फ्रेमची गाठ स्टेम आणि सीटपोस्टशी आहे, आणि तिथे ती पैशाच्या मानाने हरते. लेफ्टीची गाठ रूडीशी आहे. तिथे सामना बराच तुल्यबळ होतो.

जादा किंमत नेमकी किती, हेही सहज उमगत नाही. विक्षिप्त फ्रेम सहसा महाग गिअर आणि कार्बनच्या चाकांसकट विकली जाते. डायव्हर्ज एसटीआरची सर्वांत वरची आवृत्ती १४,००० डॉलरची होती. त्यातले स्प्रिंगचे किती आणि इलेक्ट्रॉनिक गिअरचे किती, हे पावतीवर वेगळे लिहिलेले नसते. ज्याला दिवसाचे दोनशे किलोमीटर पन्हळी रस्त्याने जायचे आहे, ज्याची मनगटे किंवा कंबर आधीच दुखावलेली आहे, किंवा जो कच्च्या उतारावर खरोखर वेगाने उतरतो, त्याचे पैसे फुकट जात नाहीत. पुणे-मुंबईकडून सुटणाऱ्या तीनशे-चारशे किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीसाठी, जिथे डांबर असते पण ठिगळांचे, रुंद टायर आणि रबराची स्टेम पुरेशी होते.

पावतीत न दिसणारा खर्च नंतर येतो. तेल आणि सील असलेला फोर्क वापराच्या साधारण ५० तासांनी उघडून पुसावा लागतो. पावसाळ्यातल्या लाल चिखलात त्याहून लवकर. नेहमीच्या घाटाच्या फोर्कचे सील दुसऱ्या शहरातून मागवता येतात. लेफ्टी उघडायला खास हत्यारे लागतात आणि ते काम जाणणारा कारागीर जवळपास असतोच असे नाही. फ्रेममध्ये बसवलेली बिजागरी किंवा डॅम्पर त्याच एका सायकलचा असतो, आणि कंपनीने ती सायकल बंद केली की सुटे भाग शोधत बसावे लागते. स्लेट काही वर्षांतच यादीतून गेली. जुनी ग्रॅव्हल बाइक घेताना म्हणूनच रंगाच्या आधी हे पाहावे, की तिचा शॉक बिघडला तर त्या जागी साधा फोर्क किंवा साधा सीटपोस्ट बसतो की नाही.