पूर्व भागाची पाठ : सोलापूरचे कष्टकरी, कंबरदुखी आणि कायरोप्रॅक्टिक

सोलापूर शहरातील कंबरदुखीचा विचार तेथील कष्टाच्या कामापासूनच सुरू करावा लागतो, कारण या शहराची घडण ज्या व्यवसायांनी केली ते सगळेच पाठीवर भार टाकणारे आहेत. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, पुढे आणखी गिरण्या उभ्या राहिल्या, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने हातमाग आणि नंतर यंत्रमाग चालवले. गिरण्या बंद पडल्या तरी भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल आजही शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत विणले जातात. पुरुष मागावर आणि स्त्रिया विड्यांच्या सुपापुढे, अशी श्रमाची विभागणी येथील हजारो घरांत कित्येक पिढ्या चालत आली आहे. मागवाला दिवसभर उभा असतो, तुटलेला धागा जोडण्यासाठी वारंवार वाकतो आणि सुताने भरलेला बीम उचलण्यासाठी कंबर पणाला लावतो. विडी वळणारी स्त्री मात्र जमिनीवर बसते. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली आणि मापाने कापलेली तेंदूची पाने, एका बाजूस तंबाखूचा चुरा आणि हाताशी दोरा अशी तिची मांडणी असते. प्रत्येक विडीसाठी मान खाली, खांदे पुढे आणि कंबर गोल अशा स्थितीत तिची बोटे चालत राहतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्याने मध्येच उठून पाठ ताणणे म्हणजे तेवढी मजुरी सोडणे होय. खराब ठरलेल्या विड्या मोजणीत धरल्या जात नाहीत, त्यामुळे गेलेला वेळ भरून काढण्याची घाई आणखी वाढते.

या बसण्या-वाकण्याने कंबरेत नेमके काय होते, याची मोजदाद शास्त्रज्ञांनी केलेली आहे. कंबरेच्या भागात पाच मणके असतात आणि प्रत्येक दोन मणक्यांमध्ये चकती, म्हणजे बाहेरून चिवट तंतूंचे कडे आणि आत मऊ गर असलेली गादी असते. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून आतील दाब मोजला. १९९९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील चकतीत दाबमापक बसवून, दिवसभराच्या हालचालींत तो दाब कसा बदलतो हे नोंदवले. ताठ उभे असताना तो सुमारे ०.५ मेगापास्कल होता, उभ्याने पुढे वाकताच १.१ झाला, आणि पाठ गोल करून २० किलो वजन उचलताना २.३ पर्यंत गेला. सैल बसण्यात मात्र दाब उभ्या स्थितीहून अधिक आढळला नाही. बसून पूर्णपणे पुढे झुकल्यावर तो ०.८ च्या पुढे गेला. म्हणजे दोष बसण्यात नाही, तासन्‌तास झुकून एकाच स्थितीत राहण्यात आणि गोल पाठीने ओझे उचलण्यात आहे. तरीही केवळ दाबावरून दुखण्याचा उलगडा होत नाही. कंबर दुखणाऱ्या दहांपैकी सुमारे नऊ जणांत वेदनेचे नेमके एक शारीरिक कारण दाखवता येत नाही; या प्रकाराला वैद्यकात अविशिष्ट कंबरदुखी म्हणतात. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने त्रस्त होते, असा जागतिक आजारभाराच्या अभ्यासाचा अंदाज आहे.

असे दुखणे घेऊन माणूस वैद्याच्या आधी ओळखीच्या हातांकडे जातो, आणि ही परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. उसण भरली की पायाळू माणसाकडून, म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा व्यक्तीकडून, पाठीवर पाय लावून घ्यायचा. लचक भरली की तेल लावून चोळून घ्यायचे. हाड सरकले असे वाटले की हाडवैद्य गाठायचा, हे सर्व मराठी मुलखाला परिचित आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधींच्या अध्यायात कुल्ल्यापासून पायापर्यंत उतरणाऱ्या वेदनेचे, म्हणजे गृध्रसीचे, वर्णन आहे. हातांनी सांधा बसवण्याची कल्पना ग्रीक वैद्यकातही होती. त्यामुळे कायरोप्रॅक्टिक नावाची पाश्चात्त्य पद्धती आता महाराष्ट्रातील मोठ्या शहरांतून आणि मोबाइलच्या पडद्यावरून येथवर पोहोचते, तेव्हा तिची मूळ क्रिया येथील लोकांना परकी वाटत नाही. नवे असते ते तिचे शास्त्रीय वेष्टन, आणि तपासून पाहायला हवे ते हेच वेष्टन.

या पद्धतीचा आरंभ १८ सप्टेंबर १८९५ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्याच्या डेव्हनपोर्ट गावी झाला, असे मानले जाते. चुंबकीय उपचार करणारे डॅनिएल डेव्हिड पामर यांनी त्या दिवशी हार्वी लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका हाताने दाबून त्याचे ऐकणे परत आणल्याचा दावा केला. ऐकण्याची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या मणक्यातून जात नाही, हे लक्षात घेता त्या कथेवर विश्वास ठेवणे कठीण आहे. पामर यांनी मात्र तिच्यावर संपूर्ण सिद्धान्त उभारला : मणके जागेवरून किंचित सरकतात, त्याने शरीरातील जीवनशक्तीचा प्रवाह अडतो आणि बहुतेक सर्व रोग त्यातूनच उद्भवतात. हे सूक्ष्म सरकणे आजवर कोणत्याही तपासणीत विश्वासार्हपणे दाखवता आलेले नाही. अमेरिकेतील वैद्यक संघटनेने कायरोप्रॅक्टिक करणाऱ्या व्यावसायिकांवर दीर्घकाळ बहिष्कार टाकला होता. चेस्टर विल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात १९८७ साली न्यायालयाने तो बहिष्कार बेकायदा ठरवला. त्या निकालाने व्यवसायाला मोकळीक मिळाली, सिद्धान्ताला पुरावा मिळाला नाही, आणि हा फरक जाहिरातींत नेहमीच पुसला जातो.

सिद्धान्त चुकीचा असला म्हणून त्यातील हाताची क्रिया निरुपयोगी ठरत नाही, आणि येथे प्रामाणिकपणे पुराव्याकडे पाहायला हवे. मणक्याच्या सांध्याला त्याच्या नेहमीच्या हालचालीच्या टोकापाशी नेऊन छोटा, वेगवान झटका देणे याला मणका-हाताळणी म्हणता येईल. ती कायरोप्रॅक्टरांप्रमाणेच प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्टही करतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत कंबरदुखीच्या ३२१ रुग्णांचे तीन गट केले होते : एकाला कायरोप्रॅक्टिक, दुसऱ्याला मॅकेन्झी पद्धतीचे व्यायाम आणि तिसऱ्याला फक्त माहितीची पुस्तिका. पहिले दोन गट जवळजवळ सारखेच सुधारले आणि पुस्तिकेच्या गटाहून ते थोडेच पुढे राहिले; दोन वर्षांतील उपचारखर्च मात्र त्या दोन्ही गटांत दरमाणशी सुमारे ४३० डॉलर तर पुस्तिकेच्या गटात १५३ डॉलर आला. २०१९ मध्ये ४७ चाचण्या आणि ९,२११ रुग्णांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधनानेही जुनाट कंबरदुखीत हाताळणीचा परिणाम व्यायामासारख्या शिफारस केलेल्या उपचारांइतकाच असल्याचे दाखवले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मधील मार्गदर्शिकेत रुग्णशिक्षण, व्यायाम, मालिश यांच्या बरोबरीने मणका-हाताळणीलाही जागा दिली, पण ती अटींसह. त्याच मार्गदर्शिकेत कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणे या दोन उपायांची सरसकट शिफारस करू नये असे म्हटले आहे. हे दोन्ही उपाय आपल्याकडे इतके रुळले आहेत की दुखणाऱ्या कंबरेला पट्टा नसला तर उपचारच झाला नाही असे घरच्यांना वाटते, म्हणून ही सूचना येथे विशेष महत्त्वाची आहे.

झटका देताना येणारा कट् असा आवाज रुग्णाला सर्वाधिक पटवतो, आणि चित्रफितींमध्ये तोच मोठा करून ऐकवला जातो. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी बोटाचा सांधा ओढला जात असताना त्याचे चुंबकीय चित्रण केले, तेव्हा सांध्याच्या द्रवात अचानक पोकळी निर्माण होते त्या क्षणी हा आवाज येतो असे दिसले. आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसले, या समजुतीला त्यात आधार नाही. झटक्यानंतर वाटणारा मोकळेपणा खरा असतो, पण स्नायूंचा आखडलेपणा आणि वेदनेची जाणीव काही काळ सैल झाल्याने तो येतो. दुसऱ्या सकाळी विडी वळणारी स्त्री पुन्हा त्याच सुपापुढे बसली की दुखणे परत येऊ शकते. तेव्हा पुढल्या बैठकीचे पैसे भरायला लावणारा उपचार तिच्या मिळकतीला परवडणारा नाही.

धोक्याची बाजू याहून गंभीर आहे. हाताळणीनंतर दिवस-दोन दिवस अंग ठणकणे सामान्य आहे. मानेला जोरात झटका दिल्यास मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. पण सोलापूरसारख्या शहरात सर्वाधिक जपायला हवे ते मणक्याच्या क्षयरोगाला. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चतुर्थांश भारतात आहेत, आणि इंग्रज शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये वर्णन केलेला हा विकार येथे आजही आढळतो. तो सुरुवातीला साध्या पाठदुखीसारखाच वाटतो. पोखरलेल्या मणक्यावर झटका बसला तर तो कोसळून पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून संध्याकाळी येणारा बारीक ताप, घटत जाणारे वजन, झोपेतून उठवणारी वेदना, पायांतील वाढती अशक्तता, लघवी-शौचावरील ताबा जाणे किंवा बैठकीच्या जागेची बधिरता यांपैकी काहीही असेल तर कोणालाही पाठीला हात लावू न देता रुग्णालयातच गेले पाहिजे. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयासारखे शासकीय रुग्णालय शहरात आहे. उतारवयातील स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असतात, त्यांच्या बाबतीतही हीच काळजी लागू होते.

या सर्वाला कायद्याची चौकट हवी, आणि ती येथे नाही. ब्रिटनमध्ये १९९४ च्या स्वतंत्र कायद्याने कायरोप्रॅक्टरांची परिषद नेमली गेली, नोंदणीशिवाय तेथे कोणाला हे नाव लावता येत नाही. महाराष्ट्रात भौतिकोपचारासाठी २००२ च्या कायद्याने राज्य परिषद आहे आणि देशपातळीवर २०२१ च्या कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांचा आयोग आहे. कायरोप्रॅक्टिकसाठी अशी कोणतीही परिषद वा नोंदवही नाही. परदेशात अनेक वर्षे शिकून आलेला व्यावसायिक आणि चार दिवसांची कार्यशाळा करून आलेला माणूस यांच्या पाट्या सारख्याच दिसतात. हाताळणी घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टकडून, डॉक्टरांच्या तपासणीनंतर आणि व्यायामाच्या जोडीनेच घ्यावी, असे उपलब्ध पुरावा सांगतो.

कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीत आणि पूर्व भागातील विडी घरकुलांत हजारो विडी कामगार कुटुंबे राहतात. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्याने या कामगारांसाठी दवाखाने उभे करण्याची तरतूद केली. १९९८ च्या चाचणीत एका साध्या पुस्तिकेने जे साधले ते पाहता, या दवाखान्यांत भौतिकोपचारतज्ज्ञाची नियमित भेट, भिंतीला टेकून आणि उंच पाटावर बसण्याची शिकवण, तासाला उठून करायचे दोन-चार व्यायाम आणि हे सारे सांगणारी, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांत छापलेली पुस्तिका, एवढे तरी कामगार संघटनांनी आणि महापालिकेने येत्या वर्षात मागून घ्यावे.