वळूच्या वंशाची रक्तावरून पारख

वासराची आई कोण, हें गोठ्यांत प्रत्यक्ष दिसतें. बाप कोण, याविषयीं मात्र पुष्कळदां दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावें लागतें. एकाच माजावर गाईस दोन वळू दाखविले गेले, तर खुद्द मालकासही खात्री देतां येत नाहीं. जातिवंत वळूची कालवड म्हणून मोजलेली अधिक किंमत व्यर्थ गेली, हें ती व्याल्यावर कळून उपयोग काय? या प्रश्नाचा उलगडा रक्तावरून कसा होऊं लागला, तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रक्त गोठल्यावर जें पिंवळसर पाणी सुटतें, त्यांत अनेक प्रथिनें असतात. तीं वेगळीं करण्याची एक सोपी युक्ति १९५५ सालीं ऑलिव्हर स्मिथीज यांनीं कॅनडांतील टोरोंटो येथें प्रसिद्ध केली. आई कपड्यांस देत असे ती खळ निवल्यावर घट्ट होते, ही बाळपणची आठवण त्यांच्या कामीं आली. तशाच घट्ट खळीच्या थरांत रक्तजल ठेवून विजेचा प्रवाह सोडिला असतां प्रथिनें कमीअधिक वेगानें सरकतात, व रंग दिल्यावर त्यांचे निरनिराळे पट्टे दिसतात.

पुढें १९५७ व १९५८ सालीं ॲश्टन, तसेंच स्मिथीज व हिकमन, यांनीं गुरांचें रक्त तपासलें. तेव्हां लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन नामक प्रथिनाचे पट्टे सर्व जनावरांत सारखे नसून तो भेद आनुवंशिक आहे, असें आढळलें. ए, डी व ई हे त्याचे मुख्य प्रकार. वशिंडाच्या गुरांत बी, एफ असे आणखीही आहेत. प्रत्येक जनावरास एक अंश आईकडून व एक बापाकडून मिळतो, आणि दोन्ही स्पष्ट दिसतात. एक दुसऱ्यास झांकीत नाहीं.

समजा, गाय ए-ए आहे व वासरूं ए-ई. तर ई बापाकडूनच आला पाहिजे. डी-डी वळू त्याचा बाप असूंच शकत नाहीं. मात्र वळू ए-ई निघाला, तर तोच बाप असें सिद्ध होत नाहीं. कारण ई असलेले वळू अनेक असतात. या एका प्रथिनानें खोटा बाप वगळतां येतो, खरा ठरवितां येत नाहीं. तसेंच गाय दूध किती देईल, हेंही त्यावरून सांगतां येत नाहीं.

हल्लीं या परीक्षेची जागा डी.एन.ए. तपासणीनें घेतली आहे. तीस केंसांच्या मुळांचा नमुनाही चालतो, व अनेक खुणा एकदम पाहिल्यानें निर्णय पुष्कळ पक्का होतो. तर्क मात्र तोच आहे.

म्हणून आमची सूचना अशी कीं, गाय फळविल्याची तारीख व वळूचा क्रमांक त्याच दिवशीं वहींत टिपावा, आणि मोठ्या किंमतीचा सौदा असल्यास पैसे मोजण्यापूर्वींच गाय, वासरूं व वळू या तिघांचे नमुने तपासून घ्यावे.