सातासमुद्रापलीकडचा लॅपटॉप

गेल्या मे महिन्यातली दुपार. नागपुरात बहिणीच्या घरी कूलर घुमत होता आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून आम्ही एक लॅपटॉप उलटा ठेवला होता. भाच्यानं एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढली होती. निघेल तो स्क्रू तो त्या आकृतीत त्याच्या जागी टोचून ठेवत होता, कारण कडेचे स्क्रू आखूड असतात आणि मधले लांब. लांब स्क्रू चुकून आखूड जागी बसवला तर आतल्या बोर्डाला टोचतो.

"मामा, किती निघाले?"

"अकरा."

"मग एक राहिलाय. झाकण मधेच अडतंय."

बारावा स्क्रू रबरी पायाखाली दडला होता. तो निघाल्यावर प्लॅस्टिकची पातळ पट्टी कडेनं फिरवली आणि झाकण टक् टक् करत सुटलं. भाचा ॲनिमेशन करतो आणि रात्री गेम खेळतो. हे यंत्र त्यानं अमेरिकेतल्या एका छोट्या विक्रेत्याकडून हवं तसं जुळवून घेतलं होतं. चौदाव्या महिन्यात डावा पंखा खरखरू लागला. वॉरंटीचा कागद होता, तरी तो पंखा बदलायला आम्हीच बसलो होतो. असं का झालं ते सांगण्यासाठी हा लेख आहे. दर वर्षी कितीतरी मुलं अशी खरेदी करतात आणि त्यांचे आईवडील तीत लाखावर रुपये घालतात.

सांगाडा एकाचा, नाव दुसऱ्याचं

कपडा निवडून माप दिलं की शिंपी शिवून देतो, तशीच ही पद्धत आहे. फक्त इथला कपडा बराचसा आधीच शिवलेला असतो. १९८३ साली स्थापन झालेली तैवानची क्लेवो आणि चीनची टोंगफांग यांसारख्या कंपन्या लॅपटॉपचा सांगाडा बनवतात. त्यात बाह्य कवच, मदरबोर्ड, पडदा, कीबोर्ड आणि पंखे आलेच. अमेरिकेतली सेगर, जर्मनीत लाइपझिगची शेंकर आणि तिचा एक्सएमजी हा ब्रँड, इंग्लंडमध्ये वेकफील्डची पीसी स्पेशालिस्ट यांसारखे विक्रेते असे सांगाडे घेतात. रॅम, एसएसडी, वायफाय कार्ड आणि थर्मल पेस्ट ग्राहकाच्या मागणीप्रमाणे घालतात, यंत्र तपासतात आणि आपल्या नावानं विकतात. विंडोज नको असेल तर बरेच जण ते वगळून पैसेही कमी करतात.

ही माहिती फार कामाची आहे. एकच सांगाडा चार देशांत चार नावांनी विकला जातो, त्यामुळे त्याचे सुटे भागही चार वाटांनी मिळू शकतात. म्हणून खरेदीआधी विक्रेत्याला मूळ सांगाड्याचा मॉडेल क्रमांक विचारा आणि वहीत लिहून ठेवा. यंत्र हाती आल्यावर तो तळाच्या लेबलवर किंवा झाकणाच्या आत सापडतो. आमचं काम पुढे ह्याच क्रमांकानं झालं.

कार्डाचं नाव वाचू नका, वॅट वाचा

मुलं सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्डाचं नाव सांगतात. लॅपटॉपमध्ये नुसत्या नावावर जाऊ नये. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉप कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवण्याची मुभा उत्पादकाला आहे. पातळ देखण्या यंत्रातलं ४०६० आणि जाड, वजनदार यंत्रातलं ४०६० यांच्या कामात म्हणूनच डोळ्यांना दिसण्याइतका फरक पडतो. डेस्कटॉपशी तुलना करताना तर जास्तच सावध राहावं. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कोर आणि २४ जीबी मेमरी आहे. त्याच नावाच्या लॅपटॉप कार्डात ९,७२८ कोर आणि १६ जीबी मेमरी आहे. विक्रेत्याकडून ग्राफिक्सचे कमाल वॅट ईमेलनं लेखी मागवा.

दुसरा प्रश्न उन्हाळ्याचा. लॅपटॉपचा पंखा आत खेचतो ती खोलीतलीच हवा असते. लाइपझिगच्या २२ अंशांच्या खोलीत चाचणीत उतरलेलं यंत्र नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत आलं की आतलं तापमानही साधारण त्याच फरकानं वर सरकतं. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. युरोपातल्या परीक्षणात "ठीक तापतो" असं म्हटलेला लॅपटॉप विदर्भात आणि मराठवाड्यात मे महिन्यात अडखळतो तो यामुळे. आपल्याकडे जाड यंत्र घ्यावं आणि वर्षातून एकदा आतली धूळ काढावी.

खिशातून नक्की किती जातात

अमेरिकी संकेतस्थळावरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. कॅलिफोर्नियात तो किमान ७.२५ टक्के आहे. ओरेगन, डेलावेअर, मोंटाना आणि न्यू हॅम्पशर या राज्यांत राज्याचा विक्रीकरच नाही. २,००० डॉलरच्या यंत्रावर कॅलिफोर्नियात १४५ डॉलर कर लागतो. वर आपल्या कार्डानं पैसे भरले आणि बँकेनं परकीय चलनाचे ३.५ टक्के लावले तर आणखी ७५ डॉलर. यंत्र २,२२० डॉलरला पडलं. हा हिशेब आधी कागदावर मांडा आणि त्याच कार्डाचं, तितक्याच वॅटचं यंत्र इथल्या दुकानात केवढ्याला आहे ते शेजारी लिहा. पुष्कळदा फरक इतका कमी उरतो की खरेदीचा विचार तिथेच थांबावा.

जर्मनीत उलटं आहे. तिथल्या किमतीत १९ टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो. भारतात राहणारा माणूस तिथे फिरायला गेला आणि वस्तू सामानातून घेऊन परतला, तर युरोपीय संघ सोडताना कस्टम्सचा शिक्का घेऊन तो हा कर परत मागू शकतो. तिथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्याला ही सोय नाही, कारण तो तिथला रहिवासी. ब्रिटननं मुख्य भूमीवरच्या दुकानांपुरती अशी सवलत जानेवारी २०२१ पासून बंद केली आहे.

ग्रीन चॅनेल की रेड

अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला भारतात येताना एक लॅपटॉप शुल्काशिवाय आणता येतो. एक म्हणजे एकच. माझी भाची ऑफिसचा लॅपटॉप घेऊन येणारच होती, म्हणून भाच्याचा हा नवा लॅपटॉप तिच्या नवऱ्यानं आणला. एकाच माणसाच्या सामानात दोन असतील तर दुसरा सर्वसाधारण सवलतीत मोजला जातो आणि सवलतीवरच्या किमतीवर शुल्क बसतं. इथून जाताना स्वतःचा महागडा लॅपटॉप नेत असाल तर विमानतळावरच्या कस्टम्सकडून निर्यातीचा दाखला घ्या. परत येताना तो लॅपटॉप जुना आणि आपलाच आहे हे सांगायला तो उपयोगी पडतो.

लॅपटॉप हातातल्या बॅगेतच आणावा. १०० वॅट-अवरपर्यंतची लिथियम बॅटरी प्रवाशाला परवानगी न घेता नेता येते. मोठ्या गेमिंग लॅपटॉपच्या बॅटऱ्या ९९ च्या आसपास थांबतात त्याचं कारण हेच. सुटी बॅटरी चेक-इन सामानात अजिबात चालत नाही.

कुरिअरनं मागवायचं तर ३ ऑगस्ट २०२३ ची अधिसूचना माहीत असावी. त्या दिवशी सरकारनं लॅपटॉपच्या आयातीवर निर्बंध जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची अंमलबजावणी पुढे ढकलली. पुढे मोठ्या आयातदारांसाठी ऑनलाइन परवानगीची पद्धत आली. पोस्टानं किंवा कुरिअरनं येणारा एकच लॅपटॉप मात्र पहिल्या अधिसूचनेतही या परवान्यातून वगळलेला होता. परवान्यातून सूट मिळाली म्हणून करातून सुटका होत नाही. लॅपटॉपच्या नेहमीच्या आयातीवर मूळ सीमाशुल्क नाही, पण १८ टक्के जीएसटी आहे. वैयक्तिक पार्सल वेगळ्या शीर्षाखाली धरलं गेलं तर आकडा बदलतो. म्हणून पैसे भरण्याआधी कुरिअर कंपनीकडून कराचा अंदाज लेखी घ्या.

घरी आल्यावरची एक छोटी गोष्ट. अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, म्हणजे आपल्या विजेवर अडचण येत नाही. अडचण येते ती भिंतीच्या पिनेची. तीनशे वॅटच्या ठोकळ्याला दोन पिनांचा ट्रॅव्हल अडॅप्टर लावू नका. अर्थिंग सुटतं आणि धातूच्या कवचाला हात लागला की झिणझिण्या येतात. अशा बहुतेक मोठ्या ठोकळ्यांना डेस्कटॉपचीच पॉवर कॉर्ड बसते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात चांगल्या जाडीची, आपल्या तीन पिनांची कॉर्ड सहज मिळते.

वॉरंटी कुठे राहते

भाच्याच्या कागदावर "तीन वर्षं" असं ठळक छापलेलं होतं. खालच्या ओळी आम्ही नीट वाचल्या त्या पंखा खरखरल्यावर. मजुरी तीन वर्षं मोफत, सुटे भाग एकच वर्ष. यंत्र अमेरिकेतल्या त्यांच्या कार्यशाळेत पोचवायचा खर्च ग्राहकाचा. दुरुस्त यंत्र मोफत परत पाठवणार, पण अमेरिकेतल्याच पत्त्यावर. कुरिअरवाल्याला विचारलं तर आत लिथियम बॅटरी असल्यानं वेगळं पॅकिंग, वेगळे कागद. परत येताना पुन्हा कस्टम्स. वजनदार लॅपटॉपच्या दोन फेऱ्यांच्या भाड्यात असे कितीतरी पंखे आले असते.

तेव्हा वॉरंटी वाचताना चार गोष्टी विचारा. ती जगभर चालते की विकलेल्या देशापुरती? भारतात दुरुस्ती कोण करणार, आणि तो भाग इथे विकल्या न जाणाऱ्या मॉडेलचा असेल तरी मिळणार का? भाग आणि मजुरी यांची मुदत एकच आहे का? आणि पेचात टाकणारा प्रश्न: मी झाकण उघडून रॅम घातली तर वॉरंटी टिकते का? मोठ्या ब्रँडच्या काही मालिकांना आंतरराष्ट्रीय वॉरंटी असते, पण ती मॉडेलनिहाय बदलते. सीरियल नंबर देऊन लेखी उत्तर घ्यावं. मालकाचं नाव आणि देश बदलून घेण्याचा अर्ज असेल तर तो यंत्र आल्याच्या आठवड्यातच भरावा.

झाकणावरच्या "काढल्यास वॉरंटी रद्द" या स्टिकरला घाबरण्याचं कारण नाही. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याखाली अशी अट सहसा टिकत नाही, आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं सहा कंपन्यांना याबद्दल इशारापत्रं पाठवली होती. आपल्याकडेही ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. पण परदेशी कायद्याचं संरक्षण त्या देशात राहून मागायचं असतं. नागपुरात बसून कॅलिफोर्नियातल्या विक्रेत्याशी भांडणं कुणाला परवडणार?

यंत्र परदेशी दुरुस्तीला पाठवणं भागच असेल तर जाताना त्याच्या निर्यातीची कागदपत्रं सीरियल नंबरसह करून घ्या. ती असतील तर परत येताना पूर्ण किमतीऐवजी दुरुस्तीचा आणि वाहतुकीचा खर्च धरून शुल्क लावण्याची तरतूद आहे.

नंतर काय बदलता येतं

विक्रेते "अपग्रेड करता येतो" असं सांगतात तेव्हा बहुधा दोनच वस्तू त्यांच्या मनात असतात: रॅम आणि एसएसडी. त्याही सगळ्याच यंत्रांत बदलत नाहीत. पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते, ती जन्माची. खाचेतली रॅम असेल तर काम सोपं. आधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा, मग पट्टी तिरकी घालून हलकेच दाबायची. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टक्कन लागल्या की झालं. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही. एसएसडीची नेहमीची लांबी ८० मिलिमीटर. दुसरी खाच रिकामी आहे का, हे आधीच विचारा.

पूर्वी आम्ही बिनधास्त सांगायचो, रॅम कमी घ्या, इथे वाढवा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्यानं चढले आणि तो सल्ला आता डोळे मिटून देता येत नाही. त्या दिवशीचा इथला भाव आणि विक्रेत्याचा भाव शेजारी ठेवूनच ठरवा.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हा खरा चटका आहे. एकेकाळी एमएक्सएम नावाच्या सुट्या पट्टीवर ग्राफिक्स येत असे आणि ते बदलता येई. ती पद्धत जवळजवळ संपली. २०१९ मध्ये डेलनं एलियनवेअर एरिया-५१एम हे बदलता येण्याजोगं यंत्र म्हणून बाजारात आणलं. पुढच्या पिढीचं कार्ड त्यात बसत नाही, अशी तक्रार करत २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात एका ग्राहकानं दावा दाखल केला. आशेला जागा दिली ती नीरव पटेल यांच्या फ्रेमवर्क कंपनीनं. त्यांचा १६ इंची लॅपटॉप २०२४ मध्ये ग्राहकांच्या हाती आला, आणि २०२५ मध्ये त्यासाठी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०७० चं मॉड्यूल जाहीर झालं. ते जुन्या यंत्रातही बसतं. बाकी सगळीकडे, आज घ्याल तेच ग्राफिक्स शेवटपर्यंत, असं समजून घ्या.

बारा स्क्रू

पंख्याच्या पाठीवरचा क्रमांक आणि सांगाड्याचा मॉडेल क्रमांक यांवरून तोच भाग भाच्यानं ऑनलाइन शोधला. तो दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच नावाच्या लॅपटॉपसाठी विकला जात होता. उजवाही कधीतरी जाणारच, म्हणून दोन्ही पंखे मागवले. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, पंखा बसवला, आणि कागदावरचे बारा स्क्रू एकेक करून आपल्या जागी गेले. यंत्र सुरू झालं तेव्हा कूलरच्या आवाजात त्याचा आवाज ऐकूही आला नाही.

तो कागद भाच्यानं टाकला नाही. लॅपटॉपच्या मूळ खोक्यात उजव्या पंख्याशेजारी घडी करून ठेवला, मागे मॉडेल क्रमांक लिहिला. परवा त्याच्या अकोल्याच्या मित्राचा फोन आला. त्यालाही तसाच लॅपटॉप मागवायचा होता आणि तो कार्डाचं नाव सांगत होता. भाच्यानं त्याला मधेच थांबवलं आणि विचारलं, "अकोल्यात तो उघडणारा कोण आहे?"