पंपाची टकटक का थांबली?

मॉरिस मायनरची चावी अर्धी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधीच बॉनेटखालून टकटक ऐकू येते. १९४८ साली आलेली ही ब्रिटिश गाडी आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने ओळखली गेली. ही टकटक तिच्या एसयू बनावटीच्या विजेवरच्या पेट्रोल पंपाची.

पंपाची रचना साधी आहे. तारेच्या वेटोळ्यात वीज आली की त्याचे चुंबक होते. ते एक लवचीक पडदा ओढून घेते आणि टाकीतून पेट्रोल आत येते. पडदा पूर्ण ओढला गेला की दोन पॉइंट एकमेकांपासून सुटतात, वीज तुटते आणि स्प्रिंग पडद्याला परत ढकलते. पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते, पॉइंट पुन्हा जुळतात. कार्बोरेटर भरला की पडदा पुढे सरकू शकत नाही आणि पंप आपोआप गप्प बसतो. म्हणून शांतता म्हणजे बिघाड असे लगेच समजू नये. उलट टकटक भरभर चालूच राहिली, तर टाकी रिकामी आहे किंवा नळीत हवा शिरते आहे. पण कार्बोरेटर कोरडा असूनही पंप मुका असेल, तर शोध विजेचा घ्यायचा.

इथे हौशी माणूस मल्टीमीटर काढतो. पंपाला जाणारी पांढरी तार सोडवून मोजतो, आकडा येतो बारा व्होल्ट. ‘वीज तर आहे, म्हणजे पंपच गेला!’ नवा पंप आणला, तरी गाडी तशीच.

मीटर खोटे बोलला नाही, आपण प्रश्न चुकीचा विचारला. व्होल्ट म्हणजे दाब. नळ बंद असताना पाइप कितीही गाळाने भरलेला असला, तरी टोकाशी दाब पूर्ण दिसतो. नळ उघडल्यावर धार बारीक पडते. डिजिटल मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, म्हणून गंजलेला जोड त्याला दिसत नाही. समजा, पंपाच्या वेटोळ्याचा रोध ३ ओहम आणि गंजलेल्या जोडाचाही ३ ओहम. पंप जोडताच बारापैकी सहा व्होल्ट त्या गंजातच खर्च होतात. उरलेल्या सहा व्होल्टांत पडदा पुरेसा ओढला जात नाही.

म्हणून जुने मेकॅनिक टेस्ट लॅम्प वापरतात. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपियर करंट मागतो. जोड कच्चा असेल तर तो मिणमिणतो. दिव्याचे एक टोक पंपाच्या टर्मिनलला, दुसरे गाडीच्या स्वच्छ धातूला लावा. दिवा लागलाच नाही किंवा मंद लागला, तर तारेच्या मागे मागे जात प्रत्येक जोड तपासा. चार्जिंगचा लाल दिवा चावी फिरवल्यावर लागत असेल, तर चावीपर्यंत वीज येते आहे, हा मोठा दुवा.

दिवा लख्ख लागला, तर दुसरे टोक पंपाच्या अंगालाच लावून पाहा. आता विझला? मग दोष अर्थिंगचा. पंप ज्या बोल्टवर बसला आहे, तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा. इथेही लख्खच राहिला, तर दोष पंपाच्या पोटात. त्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकी टिचकी द्या. टकटक सुरू झाली, तर पॉइंटवर कार्बन साचला आहे. वेटोळ्यातली वीज अचानक तोडली की ते उलट दाबाने ठिणगी पाडते. हजारो ठोक्यांनी पॉइंट जळतात ते यामुळेच. टिचकी घरी पोचवेल, दुरुस्ती मात्र करणार नाही.

दोन खबरदाऱ्या. पेट्रोलचा वास येत असेल, तर कुठलीही तार सोडवू किंवा जोडू नका. आणि अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थिंगला असते. इलेक्ट्रॉनिक पंप बसवताना ते न पाहिल्यास तो क्षणात जळू शकतो.

नव्या पंपासाठी पैसे मोजण्याआधी एक बल्ब, दोन तारा आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन अर्धा तास बॉनेटखाली घालवा.