काचेतल्या न दिसणाऱ्या जाळीला पेटंट मिळते का?

पुणे : काही टचस्क्रीन आणि धुके जमू न देणाऱ्या गाडीच्या काचा यांतून वीज खेळते, तरी पलीकडचे स्पष्ट दिसते. पारदर्शक थरांमध्ये तांब्याची किंवा चांदीची, केसाहून कितीतरी बारीक रेघांची जाळी दाबून बसवलेली असते.

पुण्यातल्या स्टार्टअपने अशी जाळी बनवली, तर पेटंटचा अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातो. खरी परीक्षा पुढेच. काच जुनी, तांबे जुने, चिकटवणारा थरही जुना. १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३ (एफ) सांगते : माहीत असलेल्या, आपापले काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तूंची नुसती मांडणी म्हणजे शोध नव्हे.

मग उरते नक्षी. रेघ बारीक केली की काच अधिक पारदर्शक होते, पण विजेला अडथळाही वाढतो. एकसारखी चौकोनी जाळी पिक्सेलवर आली की लहरींसारखे पट्टे उमटतात. वेडीवाकडी नक्षी ते घालवते. पण ही युक्तीही आता जुनीच! त्यामुळे ‘आमची जाळी सरस’ एवढे लिहून भागत नाही. रेघेची रुंदी, अंतर आणि त्यामुळे पडलेला फरक तुलनेच्या मोजमापांसह मांडलेला बरा. मूळ अर्जात नसलेला शोधाचा नवा तपशील नंतर घुसवता येत नाही.

परीक्षकाच्या पहिल्या अहवालातील आक्षेप ६ महिन्यांत दूर करावे लागतात. मुदतवाढ मिळते, पण मर्यादितच. ती हुकली, की अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. शिवाय अर्जाआधीच जाळी कॉलेजच्या प्रदर्शनात मांडली, तर नावीन्यावरच आक्षेप येऊ शकतो.