अकराव्या गुणसूत्रावरील एका अक्षराचा वारसा : सिकलसेल मुलांपर्यंत कसा पोहोचतो?

नवी दिल्ली : रक्ततपासणी शिबिरातून घरी आलेल्या कार्डावर ‘सिकलसेल वाहक’ असे शब्द असले, की कुटुंबात बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘हे कोणाकडून आले?’ असा. अनेक घरांत या प्रश्नाचे उत्तर तपासणीविनाच ठरलेले असते आणि आजारी मुलाच्या आईला दोषी धरले जाते. तिचे माहेर, तिचे खाणेपिणे, गरोदरपणातील तिचे वागणे यांची चर्चा होते. आनुवंशिकतेचे शास्त्र मात्र या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीपासून स्पष्टपणे देत आले आहे. सिकलसेल आजार होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील या दोघांकडूनही मिळावे लागते. एकट्या आईमुळे किंवा एकट्या वडिलांमुळे हा आजार होत नाही.

हे उत्तर घराघरांत पोहोचणे आज निकडीचे झाले आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ केला. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपुष्टात आणणे, असे या अभियानाचे उद्दिष्ट आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली असून, सुमारे २ लाख १५ हजार रुग्ण आणि १६ लाख ७० हजार वाहक आढळले आहेत. म्हणजे एका रुग्णामागे सात ते आठ वाहक आहेत. या वाहकांपैकी बहुतेकांना कोणताही त्रास होत नाही. त्यांच्या हातातील कार्डाचा अर्थ त्यांना नीट समजला नाही, तर तपासणीचा मुख्य हेतूच साध्य होणार नाही.

तेवीस जोड्यांचे गणित

मानवी शरीरातील बहुतेक पेशींमध्ये ४६ गुणसूत्रे असतात आणि ती २३ जोड्यांत मांडलेली असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून, तर दुसरे वडिलांकडून आलेले असते. गुणसूत्र म्हणजे डीएनएच्या लांब धाग्याची घट्ट गुंडाळी होय. या धाग्याचा जो भाग शरीराला एखादे प्रथिन कसे तयार करावे हे सांगतो, त्याला जनुक म्हणतात. मानवात प्रथिने घडवणारी सुमारे २० हजार जनुके आहेत. गुणसूत्रे जोडीने असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्याही दोन प्रती आपल्याजवळ असतात.

बीजांड आणि शुक्रपेशी तयार होताना मात्र प्रत्येक जोडीतील एकच गुणसूत्र पुढे जाते. कोणते जाईल, हे योगायोगावर अवलंबून असते. २३ जोड्यांतून अशी निवड ८३ लाखांहून अधिक प्रकारे होऊ शकते. शिवाय जोडीतील गुणसूत्रे परस्परांत काही तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यामुळेच एकाच आई-वडिलांची दोन भावंडे सहसा हुबेहूब सारखी नसतात. या वाटणीचा नियम ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोगांतून शोधला आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा जनुक किंवा गुणसूत्र या संज्ञाही अस्तित्वात नव्हत्या. एखादे लक्षण एका पिढीत पूर्ण लपू शकते आणि पुढील पिढीत पुन्हा प्रकट होऊ शकते, हे मेंडेल यांचे निरीक्षण सिकलसेलला तंतोतंत लागू पडते.

एका अक्षराचा बदल

रक्तातील तांबड्या पेशी हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या साह्याने शरीरभर प्राणवायू पोहोचवतात. हिमोग्लोबिनचा एक घटक, म्हणजे ‘बीटा ग्लोबिन’, तयार करण्याची सूचना अकराव्या गुणसूत्रावरील जनुकात लिहिलेली असते. डीएनएची लिपी ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांची आहे. बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी ‘ए’ऐवजी ‘टी’ आल्यास १४६ अमिनो आम्लांच्या साखळीतील सहावे अमिनो आम्ल बदलते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. संपूर्ण आजाराचे मूळ या एका बदलात आहे.

असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यानंतर एकमेकांस चिकटून ताठ धागे बनवते. त्यामुळे एरवी गोल आणि लवचिक असणारी पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. परिणामी रक्तक्षय होतो. कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, छाती व पोटात असह्य वेदना होतात. प्लीहा निकामी होत गेल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. काही मुलांना पक्षाघातही होतो.

अमेरिकी डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. लिनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार असल्याचे दाखवले. त्याच वर्षी जेम्स नील यांनी रुग्णांच्या आई-वडिलांचे रक्त तपासून, ते दोघेही वाहक असतात, हे सिद्ध केले. आईवर एकतर्फी ठपका ठेवण्यास शास्त्राचा कोणताही आधार नाही, ही गोष्ट पाऊणशे वर्षांपूर्वीच स्पष्ट झालेली आहे.

वाहक आणि रुग्ण यांतील फरक

ज्या व्यक्तीकडे बीटा ग्लोबिन जनुकाची एक प्रत सामान्य आणि एक सदोष असते, ती वाहक होय. तपासणी अहवालात तिची नोंद ‘एएस’ अशी केली जाते. तिच्या शरीरात सामान्य हिमोग्लोबिन पुरेसे तयार होत असल्याने ती सहसा निरोगी आयुष्य जगते. अतिश्रम, तीव्र निर्जलीकरण किंवा अतिउंचीवरील विरळ हवा अशा अपवादात्मक परिस्थितीत तिने काळजी घेणे इष्ट असते. वाहक व्यक्ती पुढे कधीतरी रुग्ण बनत नाही. ज्याच्या दोन्ही प्रती सदोष असतात, तो रुग्ण. त्याची नोंद ‘एसएस’ अशी होते.

आई आणि वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णतः सामान्य असण्याची २५ टक्के असते. एकच जोडीदार वाहक आणि दुसरा सामान्य असेल, तर सिकलसेलचा रुग्ण जन्माला येत नाही. अपत्य वाहक असण्याची शक्यता मात्र निम्मी असते. रुग्ण व सामान्य व्यक्ती यांची सर्व अपत्ये वाहक होतात. रुग्ण व वाहक यांच्या विवाहात प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता ५० टक्के असते.

या टक्केवारीचा अर्थ लावताना दोन चुका हमखास होतात. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तिन्ही निरोगी होतील, हा समज त्यांतील पहिली चूक. प्रत्येक गर्भधारणा ही स्वतंत्र सोडत असते आणि आधीच्या सोडतीचा निकाल पुढच्या सोडतीला बांधील नसतो. ‘आमच्या घराण्यात हा आजार कधीच नव्हता’ हा निष्कर्ष ही दुसरी चूक. दोघेही वाहक असलेल्या दांपत्याला चार अपत्ये झाली, तरी त्यांपैकी एकही रुग्ण नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते. अशा प्रकारे सदोष जनुक अनेक पिढ्या कोणाच्याही लक्षात न येता पुढे सरकत राहू शकते.

हे जनुक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नसल्याने मुलगा आणि मुलगी यांना धोका सारखाच असतो. हिमोफिलिया किंवा लाल-हिरव्या रंगांधत्वाची गोष्ट वेगळी आहे. त्यांची जनुके एक्स गुणसूत्रावर असल्याने ते विकार प्रामुख्याने पुरुषांत दिसतात.

मलेरियाशी असलेले नाते

इतके घातक जनुक टिकून का राहिले, याचे उत्तर मलेरियाच्या इतिहासात सापडते. ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले, की एकच सदोष प्रत असलेल्यांना फॅल्सिपॅरम मलेरियाच्या तीव्र आजारापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते. मलेरियाग्रस्त प्रदेशांत वाहक मुले अधिक संख्येने जगली आणि त्यांच्याबरोबर हे जनुकही टिकले. आफ्रिका, अरबस्तान आणि भारतातील जंगलपट्टे येथे ते आढळण्याचे हे प्रमुख कारण आहे. कोणत्याही जातीजमातीच्या कथित कमीपणाशी त्याचा संबंध नाही.

भारतात त्याची नोंद १९५२ मध्ये झाली. हरमन लेहमन आणि मेरी कटबुश यांना निलगिरीच्या डोंगराळ भागातील आदिवासींमध्ये ते आढळले. त्याच वर्षी वरच्या आसाममधील चहामळ्यांतील मजुरांतही त्याची नोंद झाली. हे मजूर देशाच्या अन्य भागांतून तेथे नेण्यात आलेले होते. माणसे रोजगारासाठी जेथे जातात, तेथे त्यांची जनुकेही जातात. महाराष्ट्रात नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात या आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. विदर्भात आदिवासींखेरीज अन्य समाजांतही तो आढळतो. त्यामुळे ‘हा फक्त आदिवासींचा आजार’ हा समज निदान लांबवणारा ठरतो. नात्यातील विवाह किंवा लहान समूहातच होणारे विवाह यांमुळे दोन वाहक एकत्र येण्याची शक्यता वाढते, हेही लक्षात घ्यावे लागते.

जनुक एकच, तीव्रता वेगवेगळी

दोन्ही प्रती सदोष असूनही सर्व रुग्णांचा त्रास सारखा नसतो. गर्भावस्थेत बाळाचे हिमोग्लोबिन निराळ्या प्रकारचे असते आणि त्याला सिकलसेलच्या बदलाची बाधा होत नाही. म्हणूनच जन्मानंतरचे काही महिने बाळ निरोगी दिसते. हे गर्भकालीन हिमोग्लोबिन पुढे कमी करण्याचे काम दुसऱ्या गुणसूत्रावरील ‘बीसीएल ११ ए’ हे जनुक करते. ज्यांच्यात ते हिमोग्लोबिन मोठेपणीही अधिक राहते, त्यांचा त्रास तुलनेने कमी असतो. अनेक भारतीय रुग्णांत ते अधिक आढळते, तरीही तीव्र आजाराचे रुग्ण येथे कमी नाहीत. म्हणजे एका जनुकाचा परिणामदेखील इतर जनुके, जंतुसंसर्ग, आहार आणि वेळेवर मिळणारे उपचार यांवर अवलंबून असतो.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भकालीन हिमोग्लोबिन वाढवून वेदनांचे झटके कमी करते. लहान मुलांना पेनिसिलिन आणि न्यूमोकोकस प्रतिबंधक लस दिल्याने प्राणघातक संसर्ग टळतात. जुळणाऱ्या भावंडाच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण यशस्वी झाल्यास आजार बरा होऊ शकतो. जनुक-संपादनावर आधारित ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्यता दिली. यात रुग्णाच्याच मूळपेशींतील ‘बीसीएल ११ ए’चे काम रोखले जाते. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. कमी खर्चात असा उपचार उपलब्ध व्हावा, यासाठी भारतातही वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या दिल्लीतील जनुकशास्त्र संस्थेत संशोधन सुरू आहे.

प्रत्यारोपण आणि जनुक-संपादन या दोन्ही उपचारांची एक मर्यादा सहसा सांगितली जात नाही. ते रक्त तयार करणाऱ्या पेशी बदलतात. बीजांड किंवा शुक्रपेशी बदलत नाहीत. पूर्ण बरा झालेला रुग्णही आपल्या प्रत्येक अपत्याला सदोष जनुकाची एक प्रत देतोच. त्यामुळे उपचार कितीही पुढे गेले, तरी जोडीदाराच्या तपासणीची गरज संपत नाही.

कार्ड हाती आल्यावर

वाहक असणे हे विवाह नाकारण्याचे कारण नाही. वाहकाने जोडीदाराची तपासणी विवाहापूर्वी, ते शक्य न झाल्यास गर्भधारणेपूर्वी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच करून घेणे एवढेच अपेक्षित आहे. शिबिरात होणारी विद्राव्यता चाचणी ही प्राथमिक असते. ती सकारात्मक आल्यास एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीने व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे निश्चित होते. जोडीदाराची केवळ सिकलसेल चाचणी नकारात्मक येणे पुरेसे नसते. तो थॅलेसेमियाचा वाहक असल्यास अपत्याला सिकल-थॅलेसेमिया हा गंभीर आजार होऊ शकतो. त्यामुळे त्याचीही एचपीएलसी तपासणी करावी.

दोघेही वाहक असतील, तर गर्भाच्या जनुकीय तपासणीचा मार्ग उपलब्ध असतो. गर्भलिंग निदानास प्रतिबंध करणारा कायदा हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांच्या निदानास परवानगी देतो. त्यापुढील निर्णय कायद्याच्या चौकटीत त्या दांपत्याने समुपदेशकाशी बोलून घ्यायचा असतो. सिकलसेल आजाराचा समावेश २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात आहे. त्यामुळे निकषांत बसणाऱ्या रुग्णाला प्रमाणपत्र आणि त्यानुसार मिळणारे लाभ मागता येतात.

पत्रिका जुळवताना दोन्ही घरे एकत्र बसतात. रक्ताचे अहवालही त्याच बैठकीत पाहिले गेले, तर धोका आधीच कळेल. मूल जन्मल्यानंतर त्याच्या आईला एकटीला जाब विचारण्याची वेळही मग येणार नाही.