पेंढ्यातील हवा

वैशाखातील दुपारी कल्याण-डोंबिवलीच्या पत्र्याच्या चाळीत बसवत नाही. पण मुरबाड अथवा शहापूर तालुक्यातील पेंढ्याने शाकारलेल्या झोपडीत शिरताच जिवाला गारवा वाटतो. ऊन दोन्हीकडे सारखेच. मग हा फरक का पडतो?

लोखंडी पत्र्यातून उष्णता झपाट्याने आत उतरते. भाताची काडी पोकळ असते आणि काड्याकाड्यांमध्येही हवा अडकून राहते. स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक आहे. म्हणजे ऊन थोपविते ती मुख्यतः पेंढ्याने कोंडून धरलेली हवा होय. नारळाचा काथ्या, ताग व कापूस यांच्या अंगीही हाच गुण आहे. आंब्याची अढी पेंढ्यात घातली की फळांची ऊब बाहेर जात नाही. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळली की बाहेरची उष्णता सहज आत शिरत नाही.

शिक्षकांनी हे वर्गात दाखवावे. तीन सारख्या डब्यांत सारखेच गरम पाणी भरून झाकणे लावावीत. एक डबा उघडा ठेवावा, दुसऱ्याभोवती चार बोटे जाडीचा कोरडा पेंढा बांधावा व तिसऱ्याभोवती तितकाच ओला पेंढा. दर दहा मिनिटांनी मुलांनी तापमान फळ्यावर लिहावे. कोरड्या पेंढ्यातील पाणी सर्वांत उशिरा निवते. ओल्या पेंढ्यात हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक उष्णतावाहक आहे.

यावरून छपराला मोठा उतार का देतात, हे मुलांना उमजेल : पाणी चटकन वाहून गेले म्हणजे आतला पेंढा कोरडा राहतो. कारवीच्या कुडास शेणमाती लिंपल्याने फटी बुजतात. आगीचे भय मात्र राहतेच. म्हणून शाळेच्या पत्र्याखाली सुटा पेंढा कधीही कोंबू नये.

पत्रा टिकतो व शाकारणीचे कष्ट वाचवितो, हे खरे. थर्माकोल उष्णता अडवितो. पण तो खनिज तेलापासून बनतो व कुजत नाही. पेंढा दरसाल भातशेतीतून नव्याने मिळतो आणि जुना झाल्यावर त्याचे खत होते.

पेंढ्याच्या घरातून येणाऱ्या मुलास आपल्या घराचा संकोच वाटत असतो. शाकारणी कशी करतात, हे वर्गाला सांगण्याचा मान त्यालाच द्यावा. त्या दिवशी विज्ञानाचा पाठ त्याच्या घरातून सुरू होईल.